पक्का माणूस

सोळा मेला नेस्तोरीमामा गणवेश न घालता आला.

एकवीस वर्षं या तारखेला मामा सकाळीच राखाडी गणवेश चढवून, छातीवर दोन पदकं लावून, एकोणीसशे अठरा साली लालांना हरवणाऱ्या पांढऱ्यांच्या विजयदिनाच्या संचलनाला जायचा. आणि एकवीस वर्षं या तारखेला आई रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून बटाट्याचं बेणं निवडत बसायची. यंदा संचलन नव्हतंच. सरसेनापतींचा हुकूम निघाला होता. विजयाचा दिवस बंद; त्याऐवजी येत्या रविवारी साऱ्या देशात मृतांचं स्मरण. या हिवाळ्यात रशियाशी लढताना पडलेल्यांचं, आणि अठरा साली आपापल्या मताखातर मेलेल्यांचंही. दोन्ही बाजूंच्या.

ताइमीनं ती बातमी दुकानात वाचली होती. खारे मासे गुंडाळायला घेतलेला पेपर होता तो. तिनं मासे परत पिंपात टाकले, पेपर घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या कागदात मासे बांधून दिले.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. अठरा साली पांढऱ्यांनी बाबांना गोळी घातली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या सालच्या शरद ऋतूत शाळेत नवी हजेरी झाली. "वडलांचं नाव?" बाईंनी विचारलं. तिनं सांगितलं. "ते लिहायची गरज नाही," बाई म्हणाल्या, आणि आईचं नाव लिहिलं. त्यानंतर रुओहोला गावात ते नाव चारचौघांत कुणी उच्चारलं नव्हतं. तिला ते एकदा ऐकायचं होतं. मोठ्या जागेत, मोठ्या आवाजात, सगळे बसलेले असताना. बस, एवढंच.

मामाबरोबर हुल्दामामीही आली होती, काळ्या पोशाखात. तळ्यावरचं बर्फ तीन दिवसांपूर्वीच गेलं होतं आणि रस्ता म्हणजे नुसता रबरबाट होता. दोघांनी दारात बूट काढले. मामाचा एक मोजा अंगठ्याशी फाटलेला होता. मामीच्या ते आता लक्षात आलं आणि तिनं त्याच्याकडे असं बघितलं की मामानं तो पाय दुसऱ्या पायामागे घेतला.

"बसा," आई म्हणाली. "कॉफी नाही. राय धान्य भाजून केलेलं काळं पाणी आहे, त्याला कॉफी म्हणायचं असेल तर म्हणा."

"आमच्याकडेही तेच आहे, ताई."

"मग घरून पिऊन आला असशील."

तरी तिनं कप मांडले. चांगले, निळ्या काठाचे. ताइमीला त्यावरून कळलं की आई आज भांडायच्या तयारीत आहे. साध्या कपांत आई कधी भांडत नसे.

भट्टीशेजारच्या बाकावर मात्रो आजी पाय वर घेऊन बसली होती. ती यांची कुणीच नव्हती. मार्चमध्ये तह झाला, सीमेवरचा कारेलिया प्रांत रशियाला गेला, आणि तिकडच्या लाखो माणसांबरोबर मात्रो आजी एक गाय आणि एक देवाची तसबीर घेऊन आगगाडीनं इकडे आली. सरकारनं तिला या घरात एक खाट नेमून दिली. पहिल्या आठवड्यात आई तिच्याशी बोलत नव्हती. आता दोघी मिळून भाकरी थापत आणि एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवत.

मामानं आतल्या खिशातून कागद काढला आणि टेबलावर सपाट केला.

"पाद्रीबाबा रविवारी सगळी नावं वाचणार आहेत. आधी या हिवाळ्यातली सतरा. आपल्या आर्मासचं त्यात आहेच." तो थांबला. आर्मास हा ताइमीचा धाकटा भाऊ. फेब्रुवारीत सीमेवर पडला होता, पंचविसाव्या वर्षी. स्टेशनवरून त्याची पेटी मामानं स्वतःच्या घसरगाडीवरून आणली होती आणि चर्चच्या अंगणात पहिल्या ओळीत पुरायला लावली होती. "मग अठरा सालची. आपल्याकडची सहा, आणि..."

"आपल्याकडची," आई म्हणाली.

"पांढऱ्यांची सहा. आणि वाळूच्या खाणीत पुरलेली, लालांची एकोणीस. पण त्यांच्या घरच्यांची संमती लागते आणि चर्चसमितीतल्या एकाची सही. अठरा घरांची संमती आली. ओस्कारीचं, या पोरांच्या बापाचं, तेवढं राहिलंय. उद्या दुपारपर्यंत कागद पाद्रीबाबांकडे जायला हवा."

बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला आणि यालमारी आत आला. ताइमीचा मोठा भाऊ. कागद गिरणीत कामाला, तिथल्या युनियनचा चिटणीस. तो दारातच उभा राहून मामाकडे बघत होता.

"काय मामा, आज छाती मोकळी मोकळी दिसतेय. पदकं धुवायला टाकली का?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," हुल्दामामी म्हणाली.

"नसतंच ते, मामी. तुमच्या घरी असेल."

"बूट काढ," आई म्हणाली. "आणि बस. तुझ्या बापाचं बोलणं चाललंय."

यालमारीनं कागद ओढून घेतला आणि उभ्यानंच वाचला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचा राग आधी कानांत यायचा.

"'आपापल्या मताखातर'," तो म्हणाला. "वा! बावीस वर्षं बंडखोर. शाळेच्या पुस्तकात बंडखोर, सरकारी दाखल्यावर बंडखोर. आता आर्मासनं रशियाच्या रणगाड्यापुढे छाती दिली, तर लगेच बापाला मत फुटलं! पोरगा मेला की बाप धुऊन निघतो होय? आम्ही माफी मागितली होती का कुणाची?"

"ही माफी नाही, यालमारी," मामा म्हणाला.

"मग काय आहे?"

मामानं कप उचलला, तो रिकामा होता, त्यानं तो परत ठेवला.

"हे माझ्याही मनाला येत नाही," हुल्दामामी म्हणाली. ती लष्कराच्या स्वयंपाकघरात महिला स्वयंसेवक होती आणि सारा हिवाळा पहाटेपासून सैनिकांसाठी वाटाण्याचं सूप ढवळत होती. "वाईट वाटून घेऊ नका वन्सं, पण आर्मासचं नाव आणि त्या वेळच्या लोकांचं नाव एकाच दमात? स्वातंत्र्ययुद्धात ज्यांनी देशाविरुद्ध..."

"वर्गयुद्धात," यालमारी म्हणाला.

"ह्यांचं आपलं काहीतरीच."

त्या लढाईला रुओहोलात एक नाव नव्हतं. मामाच्या घरी ते स्वातंत्र्ययुद्ध, यालमारीच्या युनियनमध्ये वर्गयुद्ध, शाळेत बंड. गावात दुकानंसुद्धा दोन होती, लालांचं आणि पांढऱ्यांचं. मीठ दोन्हीकडे एकाच वखारीतून येई. आई नुसतं 'अठरा साल' म्हणायची. जसं एखादी बाई म्हणते, देवीच्या साथीच्या साली.

"मी सांगते," आई म्हणाली. "नाव द्यायचं नाही. पण यालमारी म्हणतो म्हणून नाही, आणि हुल्दा म्हणते म्हणून तर नाहीच नाही. ते खोटं आहे म्हणून. ओस्कारीला कसलं मत? मत मला होतं. सातच्या साली या देशात बायकांना पहिल्यांदा मत देता आलं, तेव्हा ही ताइमी पोटात होती. सात किलोमीटर बर्फातून चालत जाऊन मत देऊन आले मी. ओस्कारीला म्हटलं, चल. तर म्हणाला, घोडीचा नाल निघालाय, तूच दोघांचं मिळून देऊन ये."

मात्रो आजी भट्टीपाशी खुदकन हसली.

"हसू नकोस, खरंच म्हणाला तसं. तो गाडीवान होता. लाल आले आणि म्हणाले घोडी हवी, पीठ पोचवायचंय. हा म्हणाला, घोडी माझी, दुसऱ्याच्या हाती लगाम देणार नाही. म्हणून गेला. तीन महिने पिठाची पोती वाहिली त्यानं. बंदूक हातात धरली नाही, सभेत बसला नाही, झेंडा कुठल्या बाजूनं वर करतात तेही त्याला ठाऊक नव्हतं. मताखातर मेला म्हणे!"

"आई, असं बोलू नकोस," यालमारी म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला होता. "तुला सगळं सांगून जायचे का बाबा? बायकोला काळजी नको म्हणून नसेल सांगितलं. बाबा पक्के लाल होते."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी वाचलंय. मे महिन्यात पंचायतीच्या दारावर याद्या लावल्या होत्या. दोन. एकीवर लिहिलं होतं 'कच्चे', एकीवर 'पक्के'. कच्चे तुरुंगछावणीत गेले. बाबांचं नाव पक्क्यांत होतं, खालून तिसरं. चौदा वर्षांचा होतो मी. तिथंच ठरवलं, की आपणही पक्कं व्हायचं."

ताइमीला हे नवीन होतं. बाप गेल्यावर आठ दिवसांत यालमारीनं कामगार भवनात जायला सुरुवात केली, ते अशामुळे, हे तिला आज कळलं. मोर्चे, दोनदा सुटलेली नोकरी, मोडलेलं लग्न, हे सारं त्या दारावरच्या एका कागदावर उभं होतं. तिनं मामाकडे बघितलं, आणि मामाचा चेहरा राखेसारखा झालेला तिला दिसला.

"तुम्ही लोक मजेशीर," मात्रो आजी म्हणाली. "भांडायला तुमच्याकडे खड्डा तरी आहे. माझी सगळी माणसं पलीकडच्या मातीत राहिली. नवरा, तीन लेकरं, सासू. सासू राहिली ते एक बरंच झालं. पण नवऱ्याचं नाव कुणी नुसतं दारात उभं राहून ओरडलं ना, तरी मी त्याला गाईचं पहिलं दूध देईन. कशाखातर मेला ते लिही म्हणावं काहीही. सर्दीनं मेला होता."

"आजी, तू मधे पडू नकोस," यालमारी म्हणाला, पण धार नव्हती.

ताइमीनं कागद आपल्याकडे ओढला. ओस्कारी साल्मेनोया, जन्म अठराशे सत्त्याहत्तर. संमतीची जागा कोरी होती. तिच्या शेजारी समितीच्या सभासदाची सही होती. निळ्या शाईत, सुकलेली: नेस्तोरी. बाकीच्या अठरा नावांपुढे निरनिराळ्या सभासदांच्या सह्या होत्या. तारखा आज-कालच्या. मामाची सही सोमवारची होती. सगळ्यांत आधीची.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही सही आधीच केलीत."

"हं."

"आम्हाला विचारायच्या आधी."

"हं."

"तुम्हाला हे एवढं कशाला हवंय?"

प्रश्न तिनं सरळ विचारला होता. तिला वाटलं, मामा म्हणेल आर्माससाठी, किंवा ताईसाठी. या घरात नाव वाचलं जावं असं वाटणारी माणसं दोनच आहेत आणि त्यांतला एक मामा आहे, याचंच तिला मघापासून नवल वाटत होतं.

मामानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. शेतकऱ्याचे हात, नखांत माती.

"त्या यादीत त्याला मी घातलं," तो म्हणाला.

मामीनं मान वळवली.

"पंचायतीच्या मागच्या खोलीत आमच्या फौजेतला एक विद्यार्थी लिहायला बसला होता. शहरातला. थंडीनं कान सोललेले. गावातल्या भरवशाच्या माणसांना एकेक करून आत बोलवत होते. कैद्याचं नाव घ्यायचा आणि विचारायचा, कसा माणूस आहे? ओस्कारीचं नाव आलं. मी म्हटलं, पक्का माणूस आहे."

"आणखी काय म्हणालास?" आईनं विचारलं.

"एवढंच."

"एवढंच?"

"ताई, आपल्याकडे आणखी काय म्हणतात? शब्दाला पक्का. कामाला पक्का. दिलेल्या वेळेला दारात गाडी उभी करणारा. मला वाटलं, याहून चांगलं मी कुणाविषयी काय सांगू? आपल्या बाबांविषयीही पाद्रीबाबांनी त्यांच्या मौतीला एवढंच म्हटलं होतं. त्यानं लिहून घेतलं. मी बघितलं लिहिताना. 'पक्का.' मला बरंसुद्धा वाटलं."

रुओहोलात माणसाची याहून जास्त स्तुती खरंच कुणी करत नसे. तिसरा शब्द लागला तर लोकांना वाटे, हा काहीतरी विकायला आलाय.

"मग?"

"संध्याकाळी घोडे पाजताना कळलं की दोन ढीग आहेत. कच्च्यांचा आणि पक्क्यांचा. मी परत गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, साहेब जेवतायत, सकाळी ये. मी... मी म्हटलं, सकाळी जाऊ. पहाटे पाचला आवाज ऐकला."

भट्टीत लाकूड फुटलं. हुल्दामामी उभी राहिली, पुन्हा बसली.

"अहो, तुम्ही मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. "बावीस वर्षं माझ्या शेजारी झोपता."

"कुणालाच बोललो नाही."

यालमारी खिडकीशी गेला होता. त्यांच्याकडे पाठ करून तो रस्ता बघत होता. ताइमीला वाटलं, हा आता वळेल आणि मामाला मारेल. पण तो वळला तेव्हा त्याचे कान पांढरे होते.

"म्हणजे ते लालपण त्या विद्यार्थ्याचं," तो म्हणाला. "बाबांचं नाहीच."

"तुझं आहे ना, मग झालं," आई म्हणाली. "बापाकडून काय सगळंच घ्यायचं असतं? नाक घेतलंस तेवढं पुरे."

ती हे बोलली, पण बघत होती भावाकडे. रडली नाही, ओरडली नाही. ताइमीनं आईला रडताना एकदाच पाहिलं होतं, आणि ते अठराच्या मेमध्ये नाही, ऑक्टोबरात. कुळांना जमिनी देण्याचा कायदा झाला, कारकून कागद घेऊन आला आणि म्हणाला, कुळाचं नाव? जगला असता तर जो माणूस या जमिनीचा मालक झाला असता, तो पाच महिन्यांपासून वाळूच्या खाणीत पुरलेला होता.

"नेस्तोरी," आई म्हणाली, "एक शब्द कमी पडला रे तुला. 'शब्दाला पक्का' म्हणाला असतास तरी चाललं असतं."

"माहीत आहे, ताई. रोज म्हणतो मी ते. नांगरताना."

आईनं उठून टेबलावरचे कप गोळा केले. भरलेला एक होता तोही उचलला. ते तिनं हंड्यातल्या पाण्यात ठेवले आणि पाठमोरीच बोलली.

"नाव जाऊ दे यादीत. ताइमी, सही कर, मला चष्मा सापडत नाही. पण पाद्रीबाबांनी ते 'मताखातर' वाचलं की तू उभं राहायचंस आणि खरं काय ते सांगायचंस. मागच्या खोलीत दार लावून बोललास, आता उघड्यावर बोल."

"चर्चमध्ये?" मामी म्हणाली. "वन्सं, तिथं मधेच कुणी बोलत नाही. समितीचे सभासद आहेत हे. सगळ्या गावाच्या देखत..."

"सगळ्या गावाच्या देखतच त्याला खाणीकडे चालवत नेलं होतं, हुल्दा."

"आणि नाही उभा राहिलो तर?" मामानं विचारलं.

"तर मी उठून बाहेर जाईन. आणि तुझी बहीण त्या दिवशी मेली असं समज."

मामानं टोपी घेतली. कागद घेतला. होय म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ताइमी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. मामी पुढं निघून गेली होती, चिखलातून, घागरा उचलून, त्याची वाट न बघता.

"मामा, उभे राहाल?"

"मला बोलता येत नसतं, ताइमी. येत असतं तर..."

तो वाक्य तिथंच टाकून बायकोच्या मागे गेला. ताइमी फाटकाला धरून उभी राहिली. सही तिनं केली होती. नाव वाचलं जाणार होतं. आणि मामा बसून राहिला, तर तेच नाव ऐकताना आई बाकावरून उठून दारापर्यंत चालत जाणार होती, साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर, आणि बाबांचं नाव म्हटलं की लोकांना त्यापुढं जन्मभर तेवढंच आठवणार होतं. हवं होतं ते हातात आलं होतं, आता ते कोणत्या बाजूनं धरायचं ते तिला कळेना.

रविवारी चर्च भरलं होतं. दोन्ही दुकानांची गिऱ्हाइकं एका छताखाली ताइमी पहिल्यांदाच बघत होती. लोक आपापल्या ठरलेल्या बाकांवर बसले आणि ज्यांना ठरलेले बाक नव्हते ते मागे. आई मागून दुसऱ्या रांगेत बसली, कडेला, मधल्या वाटेशी. बाहेर पडायला ती जागा सोयीची होती. तिच्या आणि ताइमीच्या मधे मात्रो आजी होती. तिनं आत येताना आपल्या ऑर्थोडॉक्स पद्धतीनं, उजवीकडून डावीकडे क्रूस केला. पुढच्या बाईनं वळून बघितलं. मात्रोनं तिच्याकडे बघून आणखी एकदा केला. यालमारी आत आलाच नाही. तो पायऱ्यांवर उभा होता, पण दार त्यानं पायानं अडवून उघडं ठेवलं होतं.

समितीचा बाक सगळ्यांत पुढं. मामाची मान तेवढी दिसत होती, ताजी कातरलेली, उन्हानं न रापलेली पट्टी कॉलरच्या वर. शेजारी मामी.

सतरा नावं झाली. आर्मासच्या नावाला आईनं मान खाली घातली आणि पुढचं नाव सुरू होताच वर केली. मग पाद्रीबाबांनी दुसरा कागद घेतला. हा तरुण पाद्री होता, अठरा साली तो शाळेतही गेला नसेल. त्यानं घसा साफ केला.

"एकोणीसशे अठरा साली आपापल्या मताखातर प्राण दिलेले, आपल्या गावचे."

त्यानं नावं आडनावांच्या वर्णानुक्रमानं लावली होती, दोन्ही बाजूंची मिसळून. हे कुणाला आधी ठाऊक नव्हतं. पहिलं नाव जमीनदाराच्या मुलाचं आलं, दुसरं त्याच्याच गोठ्यातल्या गड्याचं. बाकांवर हलकी कुजबुज झाली आणि थांबली. कुणी हुंदका दिला, कोणत्या बाजूचा ते कळायला मार्ग नव्हता. ताइमी अक्षरं मोजत होती. पाद्री 'र'शी आला. 'र'ची दोन होती.

"ओस्कारी साल्मेनोया, गाडीवान."

छत उंच होतं आणि आवाज चांगला होता. नाव तिथपर्यंत गेलं. ताइमीनं ते पूर्ण ऐकलं, पण ऐकताना तिचे डोळे त्या मानेवर होते. मान हलली नाही. पाद्रीनं श्वास घेतला. आईनं बाकाच्या कडेला हात टेकला आणि तिचे गुडघे सरळ होऊ लागले.

"थांबा, पाद्रीबाबा."

मामा उभा होता. तो वळला नाही, वेदीकडे तोंड करूनच बोलला, त्यामुळे मागच्यांना कान द्यावे लागले.

"हा माझा मेव्हणा," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून ताइमीनं आजवर ऐकला नव्हता. "हा कुठल्या मताखातर मेला नाही. मला विचारलं होतं, कसा माणूस आहे. मी चांगलंच सांगितलं, पण थोडं सांगितलं. त्यांनी ते उलटं धरलं. मला संध्याकाळीच कळलं होतं. मी सकाळपर्यंत थांबलो."

तो आणखी काही बोलेल म्हणून लोक वाट बघत राहिले. तो खाली बसला. हुल्दामामीनं स्तोत्रांचं पुस्तक मांडीवरून उचलून दोघांच्या मधे बाकावर ठेवलं. ती सरकली नाही, मात्र पुस्तक तिथं राहिलं.

अशा वेळी काय करायचं ते पाद्रीबाबांना कुणी शिकवलेलं नव्हतं. यादी जिथं तुटली होती तिथं त्यानं बोट ठेवलं आणि तिथूनच परत सुरुवात केली.

"ओस्कारी साल्मेनोया. गाडीवान."

दारातून यालमारीच्या बुटांचा आवाज आला. तो आत येऊन मागच्या भिंतीला टेकला होता.

पाद्री पुन्हा थांबला. त्यानं मागच्या रांगांकडे बघितलं, जणू कुणाचीतरी परवानगी हवी होती. आई अर्धवट उठलेली होती ती खाली बसली आणि तिनं घागरा नीट केला.

"पुढं जाऊ दे म्हणावं त्याला," ती ताइमीला म्हणाली, फार हळूही नाही. "बाकीच्यांचीही माणसं बसलीयत."